ब्रेकची तार आणि खारा वारा

चेन्नईत ईस्ट कोस्ट रोडवर नेमाने सायकल चालवणाऱ्याने गंज शोधायचा तो ब्रेकची तार आउटरमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या नळीत, शिरते त्या तोंडाशी. खाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण तिथे ओल धरून ठेवतात, जस्ताचा थर झिजतो आणि पोलाद उघडं पडतं. मग ब्रेक लागतो, पण लिव्हर लवकर परत येत नाही. अंबत्तूरच्या टीआय सायकल्समुळे घरोघरी पोहोचलेल्या जुन्या हर्क्युलिसला ही अडचण नव्हती. तिचे ब्रेक जाड सळयांवर चालत.

मग न गंजणाऱ्या धाग्याची तार का नको? जहाजांच्या दोरांत वापरला जाणारा डायनीमा हा धागा पाण्यावर तरंगतो आणि वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी मजबूत असतो. पण तार तुटणार नाही एवढंच पुरेसं नाही, ती ताणली जाता कामा नये. दीड मिलिमीटर जाडीच्या, 19 तारांच्या पिळात पोलाद साधारण 1.3 चौरस मिलिमीटर असतं. मागच्या ब्रेकची तार दीड मीटर धरा. करकचून ब्रेक दाबताना तिच्यावर 50 किलोचा भार आला, तर ती सुमारे 3 मिलिमीटर लांबते. डायनीमाचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा, वेणी घातल्यावर त्याहूनही कमी. म्हणजे लिव्हर हँडलला टेकेल, तरी चाकाला पुरता ब्रेक लागलेला नसेल.

गिअरचं दुखणं वेगळं आहे. शिमानोने 1984 मध्ये 'खट्' करून गिअर बदलणारी यंत्रणा आणली, तेव्हापासून एकेका खटक्याला तार ठरावीक दोन-तीन मिलिमीटरच सरकावी लागते. साखळी सरकवणाऱ्या डिरेलरची स्प्रिंग तिला अष्टौप्रहर ओढत असते. अशा सततच्या ओढीने डायनीमा हळूहळू कायमचा लांबतो आणि उष्णतेत हा वेग वाढतो. मे महिन्यातल्या चेन्नईत ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. 1997 साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरच्या एअरबॅगसाठी वापरलेला व्हेक्ट्रान हा धागा असा लांबत नाही, पण उन्हाने त्याची ताकद कमी होते.

म्हणून माझं मत स्टेनलेस तारेच्याच बाजूने आहे. मात्र बहुतेक आउटरच्या आतली गुंडाळी साध्या पोलादाचीच असते. नवी तार जुन्या आउटरमध्ये ओवली, तर त्या गुंडाळीचा गंज तिला पुन्हा अडवतो. दोन्ही एकदमच बदलावीत आणि टोकांना रबरी सील असलेल्या टोप्या बसवून घ्याव्यात.