नऊ तासांचा पाहुणा आणि मुंबईची लाँच

पर्यटकांना घेऊन येणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांचा मुंबईतील मोसम पाऊस सरल्यावर सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. त्या निमित्ताने किती जहाजे येतील, किती परकीय चलन मिळेल, किती रोजगार निर्माण होईल, यांची चर्चा पुष्कळ झाली. पण जहाजातून उतरलेला पाहुणा पुढे काय करतो, या साध्या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. सकाळी आठला धक्क्याला लागलेले जहाज संध्याकाळी पाचला सुटणार असेल, तर त्याच्या हाती नऊ तास असतात. एवढ्या वेळात मुंबई पाहणे कोणालाच शक्य नाही. मुंबईचे बंदर पाहणे मात्र शक्य आहे. आणि समुद्रातून आलेल्या माणसाला समुद्रावरूनच शहर पाहावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. त्यासाठी त्याला लाँच निवडावी लागते. ही निवड तो कशाच्या आधारावर करतो आणि त्याने ती कशाच्या आधारावर करावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. वस्तुतः तो तसा नाही.

वेळेचे गणित

बॅलार्ड पिअरपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंतचे अंतर मोटारीने काही मिनिटांचे आहे. तिथे पोहोचताच पाहुण्यापुढे मुख्यतः दोन पर्याय येतात. एक, गेट वेपासून निघून थोड्या वेळात तिथेच परतणारी बंदर-फेरी. दुसरा, घारापुरीची लाँच. जहाज कंपनीने स्वतः आखलेली सहल हा तिसरा मार्ग असतो. तो महाग पडतो, पण त्याला एक मोठा आधार आहे. कंपनीच्या सहलीतील मंडळी परतण्यास उशीर झाला, तर जहाज सामान्यतः त्यांच्यासाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. सुटण्याच्या वेळेपूर्वी अर्धा-पाऊण तास प्रत्येकाने जहाजावर असावे, असा शिरस्ता असतो. हा नियम विसरलेल्यांना आपले जहाज धक्क्यावर उभे राहून जाताना पाहावे लागते आणि पुढचे बंदर विमानाने गाठावे लागते.

घारापुरीला जाण्यास लाँचला सुमारे एक तास लागतो, परतण्यास तेवढाच. लाँच भरेपर्यंतची खोळंब्याची वेळ वेगळी. बेटाच्या धक्क्यापासून पायथ्यापर्यंत चालत किंवा छोट्या आगगाडीने जावे लागते. त्यानंतर सुमारे १२० पायऱ्यांची चढण आहे. लेणी नीट पाहण्यास दीड तास तरी हवा. म्हणजे गेट वेपासून गेट वेपर्यंत पाच तास धरावेत. जहाजावरील पारपत्र-तपासणी आणि परतीची सावधगिरी यांचा वेळ मिळवला, तर नऊ तासांच्या मुक्कामात घारापुरी बसते. सहा तासांच्या मुक्कामात बसत नाही. शिवाय सोमवारी लेणी बंद असतात. हे गणित फार अवघड नाही. पण ते गेट वेवर कोठेही ठळक अक्षरांत लिहिलेले नसते. पाहुण्याला ते सांगतो तो तिकीट विकणारा दलाल. आणि ज्याचे पोट तिकिटावर चालते, त्याने 'आज जाऊ नका' असे सांगावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

पाण्यावरून दिसणारे शहर

दोन्ही फेऱ्यांत दिसते काय, हेही पाहिले पाहिजे. छोट्या फेरीला कमी लेखण्याची प्रथा आहे. ती योग्य नाही. गेट वेची कमान समुद्राकडे तोंड करून उभी आहे. राजे पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, त्याचे हे स्मारक. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखलेले आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेले. ही कमान पुरी होण्याच्या कितीतरी आधी, ९ जानेवारी १९१५ रोजी, दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी याच अपोलो बंदरावर उतरले. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. ज्या दारातून साम्राज्य दिमाखाने आत येणार होते, त्याच दारातून ते बाहेर पडले. ते दार ज्या बाजूने पाहण्यासाठी बांधले, ती बाजू पाण्यावरूनच दिसते. अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीत एवढे समजले तरी पैसे वसूल झाले म्हणावेत.

घारापुरीच्या वाटेवर मात्र मुंबईचा सारा संसार उलगडतो. मागे नौदलाची गोदी राहते. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मलबारी सागवानाची जहाजे बांधली, ती इथे. १८१३ मध्ये मुंबईत बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर १८४२ मध्ये नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. १८१७ मध्ये इथे पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे आणि लोक तिकीट काढून ती पाहतात. उत्तरेकडे गोद्यांची रांग आहे: १८८० ची प्रिन्सेस, १८८८ ची व्हिक्टोरिया, १९१४ ची अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. व्हिक्टोरिया गोदीतच १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टायकिन' या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडो माणसे मेली. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्या आगीत प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मृतीसाठी. पुढे जवाहर द्वीपावरील तेलाच्या टाक्या, तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, पूर्वेला १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या यारी आणि उत्तरेला जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू. शेवटी घारापुरी. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेला, अठरा-वीस फूट उंचीचा तो त्रिमुखी सदाशिव १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून गणला जातो. त्याच बेटावरील गावांत कायमची वीज पोहोचली, ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या केबलीने. जागतिक वारशाचा मान आणि घरातला दिवा यांच्यात एकतीस वर्षांचे अंतर पडले, हेही या फेरीत सांगण्यासारखे आहे.

परंतु हे कोणी सांगत नाही. लाँचवर कर्णा असलाच, तर त्यातून चित्रपटगीते वाजतात. तासाभराच्या प्रवासात पाहुण्याला काही टेकड्या, काही टाक्या आणि काही जहाजे दिसतात. त्यांची नावे कळत नाहीत. पाहुण्याचे सोडा. शाळेच्या सहलीतून येणाऱ्या आपल्या मुलांनाही ती कळत नाहीत.

खरी निवड कशाची?

वेळ आणि दृश्य यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोट स्वतः. हा विषय काढला की मुंबई-कोकणच्या जुन्या पिढीला 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती आगबोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढातली अमावास्या, खवळलेला दर्या, सणासाठी घरी निघालेले चाकरमाने. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काहींना वाचवले. स्वातंत्र्याच्या सोहळ्याला महिनाही उरला नव्हता. त्या गडबडीत देश ही दुर्घटना विसरला. कोकणातील घरे ती विसरली नाहीत.

त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेट वेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. धडकेचा दोष लाँचचा नव्हता, हे उघड आहे. पण 'नीलकमल'ला ८४ प्रवासी आणि ६ खलाशी यांचा परवाना होता आणि प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. दुसऱ्याच दिवसापासून गेट वेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. सक्ती योग्यच होती. मात्र त्या आधीच्या दिवशी ती का नव्हती, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

म्हणून जहाजातून उतरलेल्या पाहुण्याला कोणी मित्र सल्ला देणार असेल, तर त्याने दराआधी चार गोष्टी पाहण्यास सांगावे. बोटीवर प्रवासी-क्षमतेचा आकडा रंगवलेला आहे काय आणि चढणारी माणसे कोणी मोजत आहे काय? लाइफ जॅकेट अंगावर घालायला मिळते, की बाकाखाली बांधून ठेवलेले असते? भरती-ओहोटीची वेळ काय? मुंबईच्या बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी चार-पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात आणि शेजारी-शेजारी बांधलेल्या लाँचांवरून पाय टाकत पलीकडच्या लाँचवर जावे लागते. वृद्धांसाठी हा प्रसंग लेण्यांच्या पायऱ्यांहून कठीण असतो. आणि शेवटचे, परतीची लाँच नक्की कोणत्या वेळी सुटते? या चारांपैकी एकाचेही सरळ उत्तर मिळत नसेल, तर छोटी फेरीही करू नये. अपोलो बंदराच्या कठड्यावर बसून समुद्र फुकट पाहता येतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लाँचचा धंदा करणारी मंडळी काही धनाढ्य नाहीत. पावसाळ्याचे महिने बहुतांशी कोरडे जातात, डिझेल महागले आहे, वर्षाचे उत्पन्न हिवाळ्यातल्या काही महिन्यांत मिळवावे लागते. नियम आवळले तर तांडेल आणि खलाशी उपाशी राहतील आणि धंदा बड्या कंपन्यांच्या हाती जाईल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण माणसे मोजण्यास भांडवल लागत नाही. फलक रंगवण्यास कर्ज काढावे लागत नाही. उलट, क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेणारा एक मालक नियम पाळणाऱ्या दहा मालकांचे गिऱ्हाईक पळवतो. नियमाची अंमलबजावणी ही प्रामाणिक लाँचवाल्याच्याही हिताची आहे.

दुसरे बंदर काय करते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोचीलाही अशी जहाजे येतात. तिथे एप्रिल २०२३ मध्ये 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. शंभर माणसांची बोट असेल, तर शंभरानंतर फाटक बंद होते. धक्का तरंगता असल्याने पाणी चढो वा उतरो, बोट आणि धक्का एका पातळीवर राहतात. पण त्याच केरळात, पुढच्याच महिन्यात, ७ मे २०२३ रोजी, तानूर येथे खच्चून भरलेली एक सहलीची बोट उलटून २२ माणसे बुडाली; ती मूळची मासेमारीची बोट होती. एकाच राज्यात, पंधरवड्याच्या अंतराने, हे दोन्ही घडावे यातून एकच निष्कर्ष निघतो. सुरक्षितता ही समुद्रावर अवलंबून नसते, धक्क्यावरील शिस्तीवर असते.

मुंबईत तेवढी शिस्त आणण्यास नव्या कायद्याची गरज नाही. परवाने देणारे मेरीटाईम बोर्ड आहे, बंदराचे प्राधिकरण आहे, पोलीस आहेत. क्रूझ टर्मिनलच्या दारात आणि गेट वेच्या धक्क्यावर एक मोठा फलक लावावा. त्यावर त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा, प्रत्येक फेरीला लागणारा काळ, अधिकृत दर, परवानाधारक लाँचांची नावे आणि त्यांची क्षमता मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहावी. प्रत्येक लाँचवर चढणाऱ्यांची मोजणी मालकाच्या नव्हे, बोर्डाच्या माणसाने करावी. आणि महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना थोडे प्रशिक्षण देऊन मोसमात लाँचवर माहिती सांगण्याचे काम द्यावे. त्यांना दोन पैसे मिळतील आणि बंदराला आवाज मिळेल.

नऊ तासांचा पाहुणा संध्याकाळी निघून जाईल. त्याने निवडलेली लाँच दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच शाळेची सहल घेऊन निघेल, रविवारी आपलीच बायकामुले घेऊन निघेल. परदेशी प्रवाशाला दाखवण्यासाठी का होईना, धक्का सुधारला तर त्याचा लाभ त्याच्याहून आपल्याला अधिक आहे. येता मोसम सुरू होण्यापूर्वी निदान तो फलक तरी लागावा.