उन्हामागे पॅनल – भाग ६ : वाऱ्यात टिकेल ती मोटार

गेल्या आठवड्यात चौकट आणि बेअरिंग उरकलं. आता मोटार. नेदरलँड्समध्ये परसात सूर्यामागे पॅनल फिरवणारा ट्रॅकर उभा करायचा तर मोटार निवडताना सूर्याच्या आधी वाऱ्याचा विचार करावा लागतो. सूर्य तासाला जेमतेम १५ अंश सरकतो, तेवढं फिरवायला ताकद ती किती लागणार! खरी ताकद लागते ती पॅनल जागच्या जागी धरून ठेवायला. १.७ चौरस मीटरचं एक पॅनल घ्या आणि सेकंदाला २५ मीटरचा वारा समोरून येऊ द्या; ७०-८० किलोंचा रेटा बसतो. फेब्रुवारी २०२२मधल्या युनिस वादळात हेगच्या फुटबॉल स्टेडियमच्या छताचे तुकडे उडाले, तिथे आपल्या चौकटीची काय कथा!

म्हणून स्टेपर मोटार बाजूला ठेवा. थ्रीडी प्रिंटरवाल्यांची ती लाडकी, पण नुसती जागेवर धरून ठेवायची तरी करंट खात राहते. २० वॅट धरले तरी बारा तासांत २४० वॅट-तास गेले. भंगारातली वायपरची मोटार लहान पॅनलला चालून जाईल. माझं मत मात्र लिनिअर ॲक्चुएटरला. आत स्क्रू फिरतो, त्यावरचा नट दांडा पुढे-मागे ढकलतो आणि वाऱ्याने दांडा कितीही रेटला तरी स्क्रू उलटा फिरत नाही. वीज गेली तरी पकड तशीच. मोठ्या डिश अँटेना वळवायला असाच ३६ व्होल्टचा दांडा वापरत. बॉलस्क्रूचा मात्र घेऊ नका, तो उलटा फिरतो. आणि लेबलवर ढकलण्याचा आकडा ठळक छापलेला असला तरी आपण बघायचा तो थांबलेल्या अवस्थेत भार धरण्याचा आकडा.

रॉटरडॅमजवळच्या ओस्टफोर्न्स तलावात १८० पॅनलचं एक गोल तरंगतं बेट सूर्यामागे फिरवलं गेलं, तेही दोन अक्षांवर. त्याच्या नादी लागू नका. इथे जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो. तेवढा फेरा एका दांड्याच्या आवाक्यात नाही. पूर्व-पश्चिम झुकणारा एकच अक्ष पुरे.

आता सर्किट. दोन एलडीआर (प्रकाश ओळखणारे रोधक), मध्ये सावलीची पट्टी, मागे दोघांची तुलना करणारी एलएम३५८ चिप आणि उजळ बाजूकडे वळणारं पॅनल, हे ठरलेलं सर्किट पुण्यात जानेवारीत झकास चालतं. इथे वर्षभराच्या प्रकाशातला निम्म्याहून अधिक हिस्सा ढगांतून विखरून येतो. घटकेत पूर्वेचा ढग उजळ, घटकेत पश्चिमेचा, आणि पॅनलचं दिवसभर तळ्यात-मळ्यात. त्यापेक्षा डीएस३२३१ घड्याळ आणि ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर घ्या आणि सूर्याची जागा गणिताने काढा. घड्याळ यूटीसीवर ठेवा, म्हणजे मार्च-ऑक्टोबरच्या वेळबदलाची भानगड नाही. अचूकतेचा अट्टाहास नको: दहा अंश चुकले तरी थेट उन्हातला दीड टक्काच जातो. दर पाव तासाला पावणेचार अंश, म्हणजे मोटार चालणार चारेक सेकंद. दिवसभरात तिचा खर्च दीड-दोन वॅट-तास. वायफाय चालू ठेवलेला ईएसपी३२ दिवसाला त्याच्या पाचपट खातो! तेव्हा मधल्या वेळात त्याला झोपवा.

आभाळ गच्च भरलं की पॅनल आडवं करा, कारण तेव्हा प्रकाश सगळीकडून येतो. वादळातही आडवंच. दोन्हीला कोड एकच, हा आपला फायदा.

मोटारीचा ड्रायव्हर म्हणून एल२९८एन नको. तो दोनेक व्होल्ट स्वतःच गिळतो आणि तीन अँपिअरला तापून बसतो. बीटीएस७९६० घ्या. लिमिट स्विच मोटारीच्या वायरीतच घाला, प्रत्येकावर उलट दिशेला एक डायोड जोडा, म्हणजे टोकाला थांबलेला दांडा परत फिरू शकतो. टोकाला थांबवण्याचं काम प्रोग्रॅमवर सोडू नका. प्रोग्रॅम अडकतो तेव्हा दांडा चौकट वाकवूनच थांबतो. पॅनल चढवण्याआधी दोन्ही स्विच हाताने दाबून टेबलावरच खात्री करून घ्या.