सात जणांची सभा

नवी संस्था काढावयाची म्हणजे आपण आधी निधी व पदाधिकारी शोधतो. १८३३ साली पॅरिसमधील विद्यार्थी फ्रेडरिक ओझानम यांजपाशी निधी नव्हता. ख्रिस्ती लोक आज गरिबांसाठी काय करतात, असा प्रश्न वादसभेत त्यांस झोंबला. २३ एप्रिल रोजी, त्यांच्या विसाव्या वाढदिवशी, त्यांच्यासह सहा विद्यार्थी व संपादक बेली एकत्र बसले. सिस्टर रोझाली यांनी त्यांस गरिबांची घरे दाखविली. दर आठवड्यास सभा आणि गरिबाच्या घरी स्वतः जाऊन भेट, एवढाच नेम. त्यातूनच संत विन्सेंट दि पॉल सोसायटी जगभर पसरली. १९९७ साली ओझानम यांस धन्यवादित घोषित करण्यात आले. आपल्या गावीही सात माणसे मिळतील. पहिले दार कोणाचे ठोठवावयाचे, एवढे मात्र आधी ठरवावे.