परसबागेतील सोवळे-ओवळे

गच्चीवर चार कुंड्या लावणारा शहरी मनुष्यही अलीकडे बाटलीवर 'नैसर्गिक' हा शब्द पाहिल्यावाचून झाडांचे औषध विकत घेत नाही. कारखान्यात तयार झाले ते विष आणि झाडपाल्यातून वा मातीतून निघाले ते निर्धोक, अशी सोवळ्या-ओवळ्याची एक नवीच कल्पना रूढ झाली आहे. रासायनिक कीटकनाशकांचा लोकांनी घेतलेला धसका अनाठायी आहे, असे मुळीच नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे विसरता येण्याजोगे नाही. परंतु त्यापूर्वीच्या, म्हणजे डीडीटी येण्याआधीच्या, बागा निर्विष होत्या हा समज इतिहासाला धरून नाही.

तंबाखूचेच पाहा. अठराव्या शतकातील युरोपीय माळी मावा मारण्यासाठी तंबाखूचे पाणी शिंपडीत. आपल्याकडेही हा काढा अनेक घरी होतो. त्यातील निकोटिन अस्सल वनस्पतिजन्य खरे, पण ते माणसालाही जहाल असून कातडीतून शरीरात शिरते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ आणि चक्कर येते ती त्यामुळेच. कारखान्यातल्या औषधाच्या डब्यावर निदान धोक्याची खूण छापलेली असते. घरचा काढा मात्र सरबताच्या जुन्या बाटलीत, चिठ्ठीवाचून, मुलांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवला जातो. का, तर तो 'घरगुती'!

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बटाट्यावरील भुंगेऱ्यांचा नायनाट 'पॅरिस ग्रीन' या सोमलयुक्त हिरव्या रंगाने होऊ लागला. १८९२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये शिसे व सोमल यांचे संयुग वापरात आले आणि पुढे सफरचंदांच्या बागांतून ते अनेक दशके फवारले गेले. त्या जुन्या बागांच्या मातीत ही दोन्ही द्रव्ये आजही सापडतात. या पार्श्वभूमीवर, पॉल म्युलर यांनी १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला तेव्हा सोमलापेक्षा सौम्य म्हणून लोकांनी त्याचे स्वागत केले, यात नवल नव्हते. ते दीर्घकाळ टिकते आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जाते, हा त्याचा खरा दोष. रेचेल कार्सन यांनी १९६२ साली जगापुढे ठेवला तो प्रामुख्याने हाच. रसायने कधीच वापरू नयेत असे त्या म्हणाल्या नव्हत्या, याचा त्यांच्या चाहत्यांना आणि निंदकांना सारखाच विसर पडतो.

तेव्हा द्रव्याचे कुळ विचारण्यापेक्षा ते किती लागते, किती काळ उरते आणि कोणाच्या हातातोंडाशी येते, हे विचारणे अधिक शहाणपणाचे. बोर्डो मिश्रणाची हकीगत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. फ्रान्समधील मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरू चोरीत, म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडून त्या किळसवाण्या दिसतील अशी व्यवस्था करीत. १८८२ साली केवडा रोगाने इतर वेलींची पाने गळाली असता याच वेली हिरव्यागार उभ्या असलेल्या बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांना दिसल्या. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली कृती प्रसिद्ध केली. चोरांसाठी केलेली युक्ती बुरशीवर लागू पडली!

आपल्याकडील द्राक्षमळ्यांना आणि कोकणातील सुपारीच्या बागांना हे मिश्रण चांगलेच परिचित आहे. सेंद्रिय शेतीच्या नियमांतही त्याला स्थान आहे. तरीही युरोपीय संघाने तांब्याच्या वापरावर मर्यादा घातली असून, ती ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो इतकी आहे. कारण तांबे हे मूलद्रव्य आहे. कडुलिंबाचा अर्क उन्हात विघटित होतो तसे ते होत नाही. पानावरचा निळा थर पावसाने धुऊन जातो आणि तांबे त्याच वेलीच्या मुळाशी, मातीच्या वरच्या थरात, वर्षानुवर्षे साचत राहते.