‘ओ’ रक्त सर्वांना चालते का?

जयंतीच्या दिवसांत परळ, लालबाग, नायगाव, दादरच्या चाळींतून आणि विहारांतून सामान्यज्ञान स्पर्धा होतात. विज्ञान, भूगोल, वैद्यक, काहीही विचारा, मुले घडाघडा सांगतात. सर्वांना चालणारा रक्तगट कोणता? प्रश्न पुरा होण्याआधी ‘ओ’ हे उत्तर येते. पुस्तकात तसेच छापलेले असते, म्हणून गुणही मिळतात. परंतु हे उत्तर अपुरे आहे, आणि ते अपुरे का, याचा शोध आपल्या परळमध्येच लागला.

केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झाले. शिकवणारे भारतीयच असावेत, या अटीवर देणगीदारांनी कॉलेजला पैसा दिला होता. त्या काळी बाबासाहेब परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. याच केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना एक निराळा रक्तगट आढळला. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आज जगभर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात.

तो समजायला अवघड नाही. रक्तातील तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचे द्रव्य असते. ते जोते समजा. त्यावर ‘ए’ किंवा ‘बी’चा मजला चढतो. ‘ओ’ गटाच्या माणसाकडे मजला नसतो, जोते मात्र असते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे जोतेच नसते. नेहमीच्या तपासणीत फक्त मजला पाहतात. ‘ए’ नाही, ‘बी’ नाही, म्हणून कार्डावर ‘ओ’ लिहिले जाते. धोका इथेच आहे. या माणसाच्या रक्तात ‘एच’शी लढणारी प्रतिद्रव्ये असतात. त्याला साधे ‘ओ’ रक्त चढवले तर त्या पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

आपल्या देशात असा माणूस साधारण दहा हजारांत एक. नाव मुंबईचे असले तरी तो कुठल्याही गावचा, कुठल्याही समाजाचा असू शकतो. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आला तरच हा गट होतो. मामे-आते भावंडांत लग्ने होतात तिथे ही शक्यता वाढते.

कार्डावर ‘ओ’ आहे म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. बहुतेक ‘ओ’ हे खरेच ‘ओ’ असतात. मात्र रक्त देण्याआधीच्या क्रॉसमॅचमध्ये ‘ओ’च्या पिशव्या एकामागून एक जुळेनात, तर ‘एच’ची तपासणी केली का, हे नातेवाइकांनी रक्तपेढीत जरूर विचारावे. विचारण्यात संकोच कसला? बॉम्बे गट निघालाच तर सख्ख्या भावंडांचे रक्त लगेच तपासून घ्यावे, कारण प्रत्येक भावंडाचा तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते. तांबड्या पेशी शीतकपाटात पाच-सहा आठवडेच टिकतात. म्हणून असे रक्त साठवण्यापेक्षा दात्याचे नाव आणि चालू फोन नंबर रक्तपेढीत नोंदवलेला असणे अधिक उपयोगाचे. नंबर बदलला की तोही कळवावा.