‘ऑब्लिव्हियस’ : एका शब्दाचे अर्थांतर

इंग्रजीतील ‘ऑब्लिव्हियस’ हे विशेषण ‘विसराळू’ या अर्थाच्या लॅटिन ‘ऑब्लिव्हिओसुस’वरून आले. १५ व्या शतकापासून त्याचा अर्थ हाच होता. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मध्ये तर ते विस्मृती आणणाऱ्या औषधास लावलेले आहे. ‘भान नसलेला’ हा अर्थ १९ व्या शतकात रूढ झाला. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या भाषाप्रयोगकोशात त्यास आक्षेप घेतला, पण लोकव्यवहाराने तोच स्वीकारला.

विस्मरणास पूर्वज्ञान लागते. भान नसण्यास ते लागत नाही. म्हणून अनुवादकाने प्रथम ग्रंथाचा काळ पाहावा. जुन्या लेखनात ‘विस्मरणशील’ शोभेल. आधुनिक कादंबरीत मात्र ‘अनभिज्ञ’ म्हटल्यास पात्रावर अज्ञानाचा आरोप येतो; तेथे ‘भान नसलेला’ हाच पर्याय मूळास न्याय देतो.