फेटा कुणाच्या डोक्यावर?

आमच्या नेकनूरकडे लग्न असो की सत्कार, आधी पाहुण्याला फेटा बांधायचा ही रीत. पंचतारांकित हॉटेलात मात्र नेमका उलटा प्रकार! पाहुणा बोडका आणि दार उघडणाऱ्या दरवानाच्या डोक्यावर तुरेदार फेटा. गावाकडचा माणूस पहिल्यांदा तिथे गेला की गोंधळतो, आधी रामराम कुणी कुणाला घालायचा?

ही उलटापालट जुनी आहे. युरोपातल्या उमरावांचे नोकर मालकाच्या रंगाचे, त्याच्या चिन्हाचे कपडे घालत. इंग्रजाने ती चाल इथे आणली, पण कपडा उचलला आपल्याच दरबारांतून. साहेबाच्या बंगल्यावरच्या बेअररला लांब पांढरा कोट, कमरेला रंगीत पट्टा आणि डोक्याला पागोटे आले. कचेरीतल्या शिपायाच्या अंगावर पितळी बिल्ल्याचा पट्टा चढला आणि 'पट्टेवाला' हेच त्याचे नाव झाले. 16 डिसेंबर 1903 रोजी मुंबईत जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले, तेव्हा अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट आणि इंग्रज बटलर असा थाट होता.

साहेब गेला, मग राजेही गेले. जयपूरच्या रामबाग महालाचे 1957 मध्येच हॉटेल झाले. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. आपला बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या आजोबांनी ज्या सरकारला शेतसारा भरला, त्याच निजामाचा हैदराबादचा फलकनुमा महाल 2010 पासून हॉटेल आहे. दरबार उठला, दरबारी शान मात्र भाड्याने मिळू लागली. ती अंगावर वागवायची कुणी? नोकराने!

आमच्या नात्यातला एक मुलगा अशाच एका हॉटेलच्या दारावर उभा राहतो. मध्यंतरी गावी लग्नात फेटा बांधून घेताना म्हणाला, ''मामा, हा बांधलेला. तिथला नुसता टोपीसारखा चढवायचा आणि पाळी संपली की खुंटीला लावायचा. तो हॉटेलचा, माझा नाही.''

त्याचे बोलणे मला पटले. तरीही 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवते. ताजवर हल्ला झाला तेव्हा कर्मचारी पाहुण्यांना सोडून पळाले नाहीत. पाहुण्यांना वाचवताना काहींनी प्राण दिले, त्यांत मुदपाकखान्यातले आचारीही होते. गणवेश हॉटेलचा होता, छाती मात्र त्यांची स्वतःची होती.

म्हणून वाटते, त्या दारातून जाताना तुऱ्याकडे पाहण्याआधी छातीवरच्या बिल्ल्यावरचे नाव वाचावे आणि त्या नावाने हाक मारावी. मानाला तेवढे पुरते.